नर्सिंग (महाराष्ट्रातलं करिअर)

पेशंटची प्रशिक्षण घेऊन केलेली देखभाल म्हणजे नर्सिंग. वॉर्डात नातेवाईकांना सगळ्याच सिस्टर सारख्या दिसतात, पण या फिल्डमध्ये शिरायचे रस्ते तीन आहेत आणि बारावीनंतर घाईघाईत कुठला धरला त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

पहिला एएनएम (ऑक्झिलरी नर्स अँड मिडवाइफ), दोन वर्षांचा, कुठल्याही शाखेची बारावी चालते, फक्त मुलींसाठी. हा मुळात गावाकडच्या कामासाठीचा कोर्स, उपकेंद्रावरची आरोग्यसेविका ती हीच. सपाट भागात साधारण ५,००० आणि आदिवासी, डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, तिथे लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, आणि रजिस्टरं तर संपतच नाहीत. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा डिप्लोमा, मुलंही घेतात. बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवंच, वर सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, आणि डिग्री नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. आर्ट्सवाल्या मुलीला हे बारावीनंतर कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. जीएनएमवाल्यांना मात्र नंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून डिग्री घेता येते.

कुठलाही कोर्स करा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कॉलेज कौन्सिलच्या यादीत आहे का हे फी भरायच्या आधी बघावं, नंतर नाही.

सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका म्हणजे वॉर्डची इन्चार्ज सिस्टर, आणि वर अधिसेविका, जिला सगळे मेट्रनच म्हणतात. प्रमोशन संथ असतं पण पगार आणि रजा प्रायव्हेटपेक्षा कितीतरी बऱ्या, म्हणून छोट्या नर्सिंग होममध्ये कमी पगारात राबणाऱ्या मुली सरकारी भरतीची जाहिरात आली की फॉर्म भरतातच, आणि एम्स या केंद्राच्या हॉस्पिटलांमधल्या जागांसाठी नॉरसेट ही भरती परीक्षा देतात. भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटमागे एक नर्स, आयसीयूत एकाला एक. नाइटला भरलेल्या जनरल वॉर्डात जाऊन मोजून बघा, मग हा आकडा कागदावरचा वाटतो. औषधं, सलाईन, कॅथेटर, चार्ट, नातेवाईकांचे प्रश्न, आणि ड्युटी संपली तरी पुढच्या सिस्टरला नीट ओव्हर, म्हणजे पेशंटची सगळी माहिती, दिल्याशिवाय निघता येत नाही.

बाहेरदेशी जायचं तर प्रत्येक देशाची परीक्षा वेगळी. अमेरिकेला एनक्लेक्स, ब्रिटनला सीबीटी (कॉम्प्युटरवरची) आणि ऑस्की (प्रॅक्टिकल), शिवाय इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी. आता जर्मनीचंही बरंच चाललंय, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला त्यात नर्सिंगही आहे, पण तिकडे आधी जर्मन शिकावं लागतं आणि नोकरी करत करत भाषेचा क्लास म्हणजे नाइट ड्युटीवाल्यांची परीक्षाच. आखातात कागदपत्रं पडताळून घेतात, त्यामुळे नोकरी सोडताना अनुभवाचं पत्र तिथल्या तिथे घेऊन ठेवावं, नंतर जुन्या हॉस्पिटलमागे फिरण्यात महिने जातात.