सॅटेलाइट स्पर्धा (पोकर)

ज्या पोकर स्पर्धेत रोख बक्षिसाऐवजी दुसऱ्या, मोठ्या स्पर्धेचा प्रवेश मिळतो तिला सॅटेलाइट म्हणतात. खेळाडू या प्रवेशाला ‘सीट’ किंवा ‘तिकीट’ म्हणतात.

लास वेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मधील मुख्य स्पर्धेचा प्रवेश १९७२ पासून १०,००० डॉलरना आहे. एवढी रक्कम एकदम मोजणे बहुतेकांना परवडत नाही, आणि सॅटेलाइट रुजल्या त्या याच अडचणीतून. १९८३ मध्ये टॉम मॅकएव्हॉय सॅटेलाइटमधून येऊन मुख्य स्पर्धा जिंकला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या अकाउंटंटने ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटपासून सुरुवात केली आणि मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडूंमधून पहिला येत २५ लाख डॉलर मिळवले. पुढच्याच वर्षी जिंकलेला ग्रेग रेमरही ऑनलाइन सॅटेलाइटमधूनच आला होता. या कथांनी सॅटेलाइटची जाहिरात फुकटात झाली. मात्र ८६ डॉलर भरून रिकाम्या हाताने उठलेल्यांचा हिशेब त्यात येत नाही.

सॅटेलाइटवरचा नेहमीचा आक्षेप म्हणजे फी दोनदा जाते. समजा, मोठ्या स्पर्धेचा प्रवेश २१५ डॉलर आहे: २०० बक्षीस निधीत, १५ आयोजकाची फी. तिच्या सॅटेलाइटला २२ डॉलर पडतात, त्यातले २ फीचे. अकरा जण बसले की २४२ डॉलर जमतात. २२ फीत जातात, २१५ चे एक तिकीट निघते आणि उरलेले ५ डॉलर दुसऱ्या क्रमांकाला मिळतात. दोन्ही टप्प्यांची फी मिळून ३७ डॉलर, म्हणजे जमा रकमेच्या सुमारे १५ टक्के होते. थेट प्रवेश घेतला तर हेच प्रमाण ७ टक्के पडते.

पण हा आक्षेप अर्धाच खरा आहे. जो खेळाडू २१५ डॉलर भरून तसाही उतरणार होता, त्याला मोठ्या स्पर्धेची १५ डॉलरची फी कुठूनही आला तरी द्यावीच लागली असती. त्याच्यापुरता जादा खर्च म्हणजे २२ मधले २, सुमारे ९ टक्के. ज्याने खिशातून २१५ कधीच काढले नसते, त्याच्यासाठी मात्र दोन्ही फी खऱ्या. शिवाय वरच्या स्पर्धेत तो कच्चा ठरणार असेल तर त्या तिकिटाची किंमत त्याच्यापुरती २१५ नसतेच. सॅटेलाइटसाठी आधी सॅटेलाइट, अशी शिडी चढणाऱ्याला प्रत्येक पायरीवर फी मोजावी लागते.

हिशेब उलटा फिरतो तो ‘ओव्हरले’मुळे, म्हणजे हमी दिलेल्या बक्षिसांपेक्षा जमा निधी कमी पडल्यामुळे. याच २२ डॉलरच्या सॅटेलाइटला आयोजकाने पाच तिकिटांची हमी दिली आणि ४४ च जण आले, तर निधीत ८८० डॉलर जमतात, तर तिकिटांची किंमत होते १,०७५. वरचे १९५ डॉलर आयोजकाच्या खिशातून जातात. खेळाडूंनी फी धरून भरले ९६८, मिळाले १,०७५. फी वसूल होऊन वर १०७ डॉलर सुटले. अनुभवी मंडळी उशिरा नोंदणीची मुदत संपता संपता हीच तूट हेरून आत शिरतात आणि त्यांच्याच गर्दीने ती आटते.

दुसरी कमाई होते ती प्रतिस्पर्ध्यांच्या चुकांतून. दहा तिकिटे आहेत आणि अकरा जण उरले आहेत. चिप्समध्ये तुम्ही दुसरे, पहिल्याने ऑल-इन केले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि तुमच्या हातात दोन एक्के, म्हणजे सुरुवातीचे सर्वात भारी पत्ते आहेत. रोख बक्षिसाच्या स्पर्धेत असा हात बहुधा सोडायचा नसतो. इथे मात्र फोल्ड करावे, म्हणजे पत्ते टाकून द्यावेत. पहिला आणि दहावा दोघांनाही एकच तिकीट मिळते, जास्त चिप्सचा काही उपयोग नाही, आणि शेवटून पहिला असलेला, चिप्स संपत आलेला गडी एकदोन फेऱ्यांत बहुधा आपोआप बाहेर पडणार आहे. साधारण पाचातला एक डाव एक्केही हरतात. ती जोखीम घेऊन हाती काहीच येत नाही. हे माहीत असूनही पत्ते हातातून सुटत नाहीत, म्हणूनच सॅटेलाइटमध्ये शांत डोक्याच्या खेळाडूचे फावते.

तिकिटाच्या अटीही किंमत ठरवतात. काही ठिकाणी दुसऱ्यांदा जिंकलेल्या तिकिटाबद्दल स्पर्धा-प्रवेशासाठी वापरता येणारी जमा रक्कम मिळते. ती जवळपास रोखीसारखीच. जिथे तिकीट एकाच स्पर्धेला बांधलेले असते, तिथे त्या दिवशी वेळ नसेल तर जिंकूनही पदरात काही पडत नाही.