झाकलेल्या बॅरलमधला क्लोरीन

‘पाणी रात्रभर भरून ठेवा, क्लोरीन उडून जातो’ हा फिशटँकवाल्यांचा सगळ्यात लाडका सल्ला. सोलापुरात पाणी रात्रभरच काय, नळाला पुढचं पाणी सुटेपर्यंत दिवसेंदिवस भरून ठेवावंच लागतं. तरीही पाणी बदललं की काही घरांत मासे वर येऊन तोंड वासायला लागतात. ‘उडून जातो’ हे अर्धवट खरं आहे, म्हणून.

क्लोरीन पाण्यात गेला की फार वेळ वायू राहत नाही. पाण्याशी क्रिया होऊन त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं आणि पीएचनुसार त्यातला काही भाग हायपोक्लोराइट आयन बनतो. पीएच 7.5 च्या आसपास दोघे निम्मे-निम्मे, 8 ला हायपोक्लोराइट जवळपास बारा आणे. आयन हवेत उडत नाही आणि आम्ल उडतं ते फार सावकाश. मग उघड्या बादलीतला क्लोरीन संपतो कसा? मुख्यतः उन्हानं. हायपोक्लोराइट सर्वांत जास्त शोषतो ते 292 नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण. जमिनीपर्यंत पोचणारं ऊन साधारण तिथूनच पुढे सुरू होतं, त्यामुळे त्याच्या शोषणाची शेपटी उन्हात बरोबर सापडते. आयन तुटतो आणि शेवटी बराचसा साधा क्लोराइड उरतो, आपल्या मिठातला. सोलापूरच्या उन्हात उथळ, उघड्या टबातला क्लोरीन दुपारभरात बहुतेक संपतो. डेंग्यूच्या भीतीनं घट्ट झाकलेल्या, अंधाऱ्या मोरीतल्या बॅरलमध्ये मात्र तो कितीतरी जास्त टिकतो. झाकण योग्यच आहे, फक्त ते पाणी थेट टँकमध्ये ओतायचं नसतं. त्यात कुणी मेडिक्लोरचे, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचे, थेंब टाकले असतील तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मोकळा क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेला हवा. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं तासाभराच्या संपर्काला घातलेली मर्यादा आहे 0.019 मिलिग्रॅम. आपली किमान पातळी माशांच्या कमाल पातळीच्या दहापट! क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो, म्हणून पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि एअर पंप वाढवून फारसा उपयोग होत नाही. ‘माशानं घरावरचं संकट स्वतःवर घेतलं’ असं वास्तुवाले सांगतात. मासा पाणी बदलल्याच्या दिवशीच मेला असेल, तर संकट बादलीतून आलं होतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफीतला जुना ‘हायपो’. दुकानातल्या साध्या अँटी-क्लोरीनमध्ये बहुधा हेच असतं. इथे एक धोका आहे: फवारणीच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही लोक ‘हायपो’च म्हणतात, आणि तो स्वतःच क्लोरीन आहे. खडीसाखरेसारखे रंगहीन खडे मागा. 10 ग्रॅम खडे थोड्या पाण्यात विरघळवून द्रावण 100 मिली करा. विरघळताना बाटली हाताला गार लागते. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 7 मिलिग्रॅम खडे लागतात. 20 लिटरच्या बादलीत लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन असेल, तर एकूण 10 मिलिग्रॅम क्लोरीन, 70 मिलिग्रॅम खडे, म्हणजे या द्रावणाचे 0.7 मिली, अंदाजे 14 थेंब. नळाला ब्लीचिंगचा उग्र वास असेल त्या दिवशी दुप्पट घाला, इतक्या जास्तीनं बिघडत नाही. ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि मगच ओता. बदल एका वेळी टँकच्या चौथाईपुरताच.

अंदाज नको असेल तर पाणीपुरवठ्यात वापरतात ती ओटी टेस्ट करा, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकून पाहा. पिवळा रंग लगेच उमटला तर मोकळा क्लोरीन, हळूहळू गडद होत गेला तर क्लोरामाइन, म्हणजे अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन. तपासलेलं पाणी टँकमध्ये टाकू नका, ते रसायन विषारी आहे.

क्लोरामाइन इथे कुणी मुद्दाम घालत नाही, तो आपोआप होऊ शकतो. सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणात पुणे-पिंपरीकडचं सांडपाणी भीमेतून येतं. अशा पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन त्याला धरून बसतो. उन्हात ठेवूनही तो सहजी जात नाही. थायोसल्फेट क्लोरीन काढून घेतो, पण अमोनिया मागे सोडतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर या अमोनियातला विषारी भाग शेकडा एकाहूनही कमी असतो, 8 ला तो साडेसातवर जातो. उन्हाळ्यात पाणी बदलताना म्हणूनच हात आखडता ठेवा.

हा उरलेला अमोनिया फिल्टरच्या स्पंजातले जिवाणू खातात. तोच स्पंज नळाखाली खळखळून धुतला, तर क्लोरीन त्यांनाही मारतो, त्याचं कामच ते. टँकमधून काढलेलं पाणी बादलीत असतंच, त्यातच स्पंज दोनदा पिळून परत बसवा.