औंध : राजधानीचं गाव, गावाचं राज्य

औंध म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्यातलं उपनगर येतं. हे औंध वेगळं. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, रहिमतपूर स्टेशनावर उतरून पूर्वेकडे निघालं की लागणारं, पाऊस बेताचाच असलेलं डोंगरपायथ्याचं गाव. आज इथे एखाद्या मोठ्या बाजारगावाइतकीच वर्दळ असते. पण १९३९ साली या गावाने जे करून दाखवलं, ते तेव्हा हिंदुस्थानातल्या भल्या मोठ्या संस्थानांनाही जमलं नव्हतं.

गावाचं मूळ डोंगरावरच्या यमाईत आहे. देवीने औंधासुराला मारलं, त्यावरून गावाला नाव पडलं अशी कथा सांगतात. ‘ये माई’ या हाकेवरून यमाई झालं, हीही कथा इथलीच. महाराष्ट्रात कितीतरी घराण्यांची ही कुलस्वामिनी, त्यामुळे पौषातल्या यात्रेला दूरदूरची माणसं येतात. औंधचे संस्थानिक असलेल्या पंतप्रतिनिधींचं कुलदैवतही हेच. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधीपद निर्माण झालं आणि पुढे ते परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात राहिलं. त्याच घराण्याचं संस्थान देवीच्या पायथ्याशी स्थिरावलं. सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तरी औंध टिकून राहिलं. मात्र संस्थान एकसलग कधीच नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि पार विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. सगळी मिळून गावं बहात्तरच्या आसपास, आणि त्यांतली बरीचशी दुष्काळी.

१९०९ साली भवानराव ऊर्फ बाळासाहेब गादीवर आले. त्यांच्या नावावर इतक्या गोष्टी जमा आहेत की एरवी औंधचा इतिहास म्हणजे त्यांचीच यादी होऊन बसते. बेळगावहून हलावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडलच्या माळावर जागा आणि भांडवलाला पैसे दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर १९१८ पासून तीस वर्षं औंधात राहिले आणि त्यांच्या स्वाध्याय मंडळाने वेदांचे ग्रंथ इथूनच छापून काढले. पुण्यातल्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला बाळासाहेबांनी लाख रुपयांचं वचन दिलं. ते स्वतः चित्रं काढत, कीर्तन करत. १९३५ च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सूर्यनमस्कार त्यांनी शाळांत सक्तीचे केले. ‘ॐ ऱ्हां मित्राय नमः’ म्हणत नमस्कार घालणाऱ्या मुलांच्या रांगा हे औंधच्या शाळांचं रोजचं दृश्य होतं. खेड्यातली गरिबाची पोरं औंधला शिकायला येत. गदिमा आणि शंकरराव खरात ही आटपाडी भागातली दोन्ही मुलं या संस्थानातच शिकली.

हे सगळं मोलाचं आहेच. तरी चांगल्या राजाने प्रजेला काय दिलं, एवढ्यावर औंधची गोष्ट थांबवली तर तिचा गाभाच हातून निसटतो. राजाने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट होती ती स्वतःची सत्ता, आणि ती घ्यायला गावं तयार झाली.

१९३८ च्या नोव्हेंबरात, वाढदिवसाच्या निमित्ताने, बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती देण्याचं जाहीर केलं. पाठीशी होते चिरंजीव अप्पासाहेब, नुकतेच विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले, आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनियर, जो पुढे भारतानंद म्हणून ओळखला गेला. मंडळी सेवाग्रामला गांधीजींकडे गेली. गांधीजींचा सल्ला असा की राज्याचा पाया गावात हवा. २१ जानेवारी १९३९ ला जी घटना लागू झाली, तिच्यात हेच सूत्र होतं. गावाने आपले पाच पंच निवडायचे, गावपंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिथून वर संस्थानचं विधिमंडळ. राजाचा खर्चही बांधून दिलेला.

कागदावरची ही रचना गावात आली तेव्हा काय झालं असेल, याचा विचार केला की मन भरून येतं. कालपर्यंत कारकुनापुढे हात जोडून उभा राहणारा शेतकरी पंच म्हणून बसू लागला. बांधाचं, पाण्याचं भांडण घेऊन कचेरीत खेटे घालायचे, त्याऐवजी निवाडा गावातच, सगळ्यांसमोर. चुकाही झाल्या असतील, भावकीही आडवी आली असेल. पण विहीर कुठे खणायची आणि शाळेची खोली कधी बांधायची, हे त्या गावाने ठरवायचं ही सवय तिथे लागली.

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर याच काळातलं. भिंती नसलेल्या या तुरुंगवसाहतीत कैद्यांनी कुटुंबासह राहायचं आणि शेती करायची. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची कथा गदिमांनी लिहिली ती याच प्रयोगावरून. बेचाळीसनंतर पत्री सरकारच्या भूमिगतांना संस्थानी हद्दीचा आसरा मिळाला, आणि कुंडल तर त्यांचं मुख्य ठाणंच बनलं.

८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं. देशासाठी ते योग्यच होतं, पण औंधपुरतं बोलायचं तर एका फटक्यात राजधानीचं खेडं झालं. कचेऱ्या गेल्या. आटपाडी आणि कुंडल पुढच्या वर्षी दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगलीत गेले. गुणदाळ आता कर्नाटकात आहे. सातवळेकरही गुजरातेतल्या पारडीला गेले. या दुष्काळी पट्ट्यातल्या तरुणांनी मुंबई गाठली किंवा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात देशभर पांगले. यात्रेला मात्र पावलं गावाकडे वळतात.

जे उरलं ते गावाने जपलं. डोंगराच्या वाटेवरचं श्री भवानी संग्रहालय उभं आहे. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत, आणि हेन्री मूरचं दगडातलं आई-मुलाचं शिल्पही. गोलसर, जड, एकाच दगडातून उमललेले दोन देह. यमाईला निघालेल्या बाया लेकरू कडेवर घेऊन त्याच्यापुढे क्षणभर थांबतात. अंतुबुवा जोशींनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीत उत्सव आजही आश्विनात होतो. मोठमोठे गवई येऊन गातात, आणि ऐकायला पुण्या-मुंबईचे रसिक आणि गावची माणसं एकाच सतरंजीवर बसतात.