खड्डा मारण्याआधी दगड बघा

वृक्षलागवडीसाठी जागा शोधायची म्हटली की विदर्भात नजर ठरलेल्या दोन ठिकाणी जाते. अमरावती-अकोल्याकडे ई-क्लास म्हणजे सरकारी पडीक-चराऊ जमीन, नागपूर-भंडाऱ्याकडे महसुली नोंदीतले झुडपी जंगल. मुरमाड, चढउताराची, कागदोपत्री पडीक जमीन. पंचाईत अशी, की इथला फार जुना इतिहास याच जमिनीत शाबूत राहिला आहे, आणि तो राहिला कारण नांगर तिथे कधी फिरलाच नाही.

नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे मोठाल्या दगडांची शिळावर्तुळे आहेत. एकट्या जुनापाणीला सुमारे ३००. ही लोहयुगातल्या लोकांची दफने. गोलाच्या आत दगडगोटे आणि माती भरलेली, त्याखाली हाडे, काळी-तांबडी भांडी, लोखंडी कुऱ्हाडी. माहुरझरीला १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा माणसांसोबत घोड्यांची हाडे आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे अलंकारही निघाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी मिळाली. न जाणणाऱ्याला मात्र हे सगळे म्हणजे माळावर पडलेले धोंडे.

आता साधा हिशेब करू. रोपे ३ बाय ३ मीटरवर लावली तर हेक्टरी अकराशेच्या वर खड्डे. बारा मीटर व्यासाच्या एका वर्तुळात त्यातले बारा-तेरा येतात, प्रत्येक दीड-दोन फूट खोल. पाणी मुरवायला उताराला आडवा सलग समतल चर काढला तर तो वर्तुळ आडवे कापत जातो. हल्ली गावोगावी लोकप्रिय झालेली, अगदी दाट रोपे लावायची मियावाकी पद्धत तर याहून वाईट. तिच्यात जेसीबी लावून सगळीच माती मीटरभर खोल उलटीपालटी करतात.

खड्डा चुकून बाजूला पडला तरी मुळे उरतातच. कडक मुरमात मुळाला वाट मिळत नाही. हजारो वर्षांपूर्वी खणून भरलेली जागा त्यामानाने भुसभुशीत आणि ओल धरणारी असते, म्हणून मूळ तिकडेच वळते. ते हाडांच्या फटीत शिरते, भांडी फोडते. पुढे ते कुजले की पोकळ नळी उरते आणि वरचा कोळसा, खापरे तिच्यातून खाली घसरतात. कुठल्या थरात काय सापडले यावरच पुरातत्त्वाचे सगळे गणित असते. वरचा कोळसा खालच्या थरात मिळाला, तर त्यावरून काढलेला काळही चुकतो. लोखंडाला वेगळाच त्रास. चरात पाणी मुरते, उन्हाळ्यात माती वाळते, आणि ओल-हवेच्या या फेऱ्यांत गंज वाढतो. शिवाय वादळात झाड उन्मळले तर मुळांच्या गड्ड्यासोबत खालचा थर वर येतो.

खरे सांगायचे तर झाडांपेक्षा मुरूम खणणाऱ्यांनी जास्त वर्तुळे संपवली असावीत. पण मुरमाच्या खाणीला निदान कोणी तरी हटकतो. झाड लावणाऱ्याला कोण अडवणार?

शिळावर्तुळे निदान डोळ्यांना दिसतात. रिठी म्हणजे उठून गेलेल्या गावांची पांढरी, जुन्या वस्तीची माती, तशी दिसत नाही. राख, शेण, हाडे, पडक्या भिंतींची माती साचून ती झालेली असते. शेतकरी पूर्वापार ती खत म्हणून काळीत, म्हणजे शेतात, नेत आले. रोपही तिथे जोमाने येईल, आणि मोह होतो तो त्यामुळेच. सातबाऱ्यावर किंवा गावनकाशावर ‘रिठी’ दिसले की आधी खापरे शोधावीत.

उपाय महाग नाही. वैशाखात गवत वाळलेले असते, तेव्हा लागवडीच्या जागेवरून रांगेने चालून बघायचे. दगडांचे गोल उपग्रहाच्या चित्रातही पुष्कळदा ओळखू येतात. संशय असलेल्या जागी जमीन न खणता चुंबकीय मोजणी करता येते. भट्टीतली भाजलेली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त चुंबकीय असल्यामुळे उठून दिसते. पण यंत्राच्या आधी गावातल्या गुराख्याला सोबत घ्यावे, त्याला एकेक धोंडा पाठ असतो.

मग खड्ड्यांच्या खुणा करण्याआधी चुन्याची फक्की वर्तुळांभोवती मारायची, बाहेर आठ-दहा मीटर जागा सोडून. आत पवन्या, कुसळ यांसारखे गवत वाढू द्यायचे. त्यांची मुळे बारीक असतात, माती धरून ठेवतात, आणि गुरांना चाराही होतो.