एटीडीपी, शून्य, स्वल्पविराम : बेळगावहून दूरच्या संगणकाला फोन

नव्वदच्या दशकात बेळगावात ज्याच्याकडे मोडेम, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणारं यंत्र, होता, त्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर हमखास एक ओळ असायची : एटीएक्स३डीपी०, मग एक स्वल्पविराम आणि पुढे पुणे किंवा मुंबईचा नंबर. मोडेमच्या प्रोग्रॅममध्ये ही ओळ टाइप करून एंटर दाबायचं नि देवाचं नाव घ्यायचं. लागला तर लागला. ओळ दिसायला मंत्रासारखी, पण तिच्या एकेका अक्षरामागे काहीतरी घडून गेलेलं आहे.

‘एटी’चं लवकर आटपतं. आधी फोनचा रिसीव्हर उचलून दोन रबरी वाट्यांत दाबून ठेवायचा आणि नंबर हातानं फिरवायचा, असा प्रकार होता. १९८१ मध्ये अमेरिकेत डेनिस हेस आणि डेल हेदरिंग्टन यांनी स्मार्टमोडेम बाजारात आणला आणि संगणक स्वतःच नंबर फिरवू लागला. ‘एटी’ म्हणजे ‘अटेन्शन’, मोडेमला दिलेली हाक. त्याआधीच, १९७७ मध्ये, शिकागोच्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी दोन संगणकांत फोनवरून फाइल नेण्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातूनच एक्समोडेम ही पद्धत रूढ झाली. फाइलचे १२८ बाइटांचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाची बेरीज सोबत पाठवायची, पलीकडे बेरीज जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा. वाण्याच्या वहीसारखं साधं, म्हणूनच टिकलं.

‘एक्स३’ मात्र खास आपल्याकडची गरज. परदेशी मोडेमला तिकडच्या फोनचा सूर ओळखीचा. इथला डायलटोन कानावर पडला की त्याला तो डायलटोनच वाटायचा नाही. ‘नो डायलटोन’ असं लिहून तो मोकळा. कानाला रिसीव्हर लावला तर सूर धडधडीत ऐकू येतोय आणि पडद्यावर हे! ‘एक्स३’ म्हणजे, बाबा रे, सुराची वाट बघू नकोस, थेट फिरव.

‘डी’ म्हणजे डायल. आता ‘पी’. खरी गोष्ट इथं आहे. ‘पी’ म्हणजे पल्स. आकडा जितका, तितक्या वेळा लाईन तोडायची नि जोडायची. शून्याला दहा वेळा. वेग सेकंदाला दहा टिचक्या, म्हणजे एसटीडीच्या, परगावच्या फोनच्या, नुसत्या शून्यालाच एक सेकंद. जुन्या स्ट्रोजर पद्धतीच्या यांत्रिक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये या टिचक्यांसरशी लोखंडी हात खटखट वर चढत, गोल फिरत आणि पुढची जोडणी शोधत. माणसाच्या बोलण्यात त्या खटखटीनं फार बिघडत नाही. मोडेम मात्र प्रत्येक खटक्याचं एक अक्षर करतो. पडद्यावर नीट मजकूर चाललेला असताना मध्येच महिरपी कंसांची रांग उमटली, की समजायचं लाईनला खोकला लागला. पावसाळ्यात तर विचारू नका. बेळगावचा जून-जुलै आणि तांब्याच्या तारांचे उघडे जोड, दोघांचं कधी जमलं नाही.

या खटखटीला उतारा कुठून आला? आमच्याच जिल्ह्यातून, असं म्हटलं तर अर्धं खरं आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. सॅम पित्रोदा हे त्यामागचं ठळक नाव. मोठ्या शहरांसाठीची परदेशी एक्स्चेंज वातानुकूलित खोली मागत. सी-डॉटनं खेड्यासाठी १२८ लाईनींचं लहान डिजिटल एक्स्चेंज केलं. त्याला एसी नको, धूळ-उकाडा चालेल. जुलै १९८६ मध्ये असं पहिलं एक्स्चेंज बसलं ते कित्तूरला. राणी चन्नम्मांचं कित्तूर, बेळगाव-धारवाड रस्त्यावरचं. गावातला माणूस तेव्हा एवढंच म्हणाला असेल की फोन स्वच्छ ऐकू येतोय. लोखंडी हात गेले, अंकांची अदलाबदल सुरू झाली आणि पुढच्या काळात मोडेमच्या वाटेतला निम्मा खोकला अशा एक्स्चेंजांनीच घालवला. डायरीतल्या ‘पी’चा मग ‘टी’ झाला, म्हणजे टोन.

शून्य आणि स्वल्पविराम हा पैशाचा भाग. स्वल्पविरामाला मोडेम दोन सेकंद थांबतो, शून्यानंतर लाईन पुढे सरकेपर्यंत. आणि शून्य लागला की मीटर धावू लागतो. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं ते महानगरांतून. बेळगावकरानं मग फोन करायचा कुठं? राजधानी बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही साधारण तेवढीच, पुणं त्या मानानं जवळ. सीमाप्रश्नात जे अंतर आम्ही १९५६ पासून मोजतोय, तेच टेलिफोन खात्यानं मीटरच्या पल्समध्ये मोजून बिलात घातलं.

हिशेब करून बघा. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक. सेकंदाला २४०० बिटांच्या मोडेमवरून, सुरुवात-शेवटच्या खुणांसह अक्षराला दहा बिट धरले, तर सेकंदाला २४० अक्षरं जातात. ३६० केबीची एक फ्लॉपी पाठवायला पंचवीस मिनिटांच्या वर, तीही एकही तुकडा परत मागावा लागला नाही तर. म्हणून ही कामं रात्री, एसटीडीचा दर पाववर आल्यावर. आमच्या घरी एकदा बाविसाव्या मिनिटाला आतल्या खोलीतला पॅरलल फोन उचलला गेला. “लाईन सोड की रे, खानापूरचा फोन यायचा हाय!” काका ओरडले आणि पडद्यावर ‘नो कॅरिअर’, म्हणजे जोडणी तुटली. एक्समोडेम असेल तर पुन्हा पहिल्यापासून. १९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांनी केलेला झेडमोडेम जिथं तुटलं तिथूनच पुढं न्यायचा. तो ज्या दिवशी हाती लागला त्या दिवशी काकांशी माझं भांडण मिटलं.

पलीकडे काय असायचं? चित्रं नव्हेत. स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट. तुमचा संगणक फक्त दूरच्या युनिक्स यंत्राचा पडदा आणि कळफलक व्हायचा. प्रोग्रॅममध्ये ‘व्हीटी१००’ निवडायचं, १९७८ च्या एका टर्मिनलचं सोंग घ्यायचं. पत्रांना पाइन, नेटवरची पानं वाचायला लिंक्स हा प्रोग्रॅम. सगळी अक्षरंच, आणि तीही रोमन.

कारण शेवटचं सेटिंग : अक्षराला सात बिट की आठ? रोमन अक्षरं सात बिटांत बसतात. मराठीसाठी १९९१ चं इस्की हे अक्षरांना आकडे देणारं भारतीय मानक होतं, त्यातली आपली अक्षरं आठव्या बिटाच्या आधारानं राहतात. वाटेतल्या एखाद्या यंत्रानं तो आठवा बिट कापला की ‘क’चा होतो ३, ‘ख’चा ४ आणि ‘ग’चा ५. कखग पाठवावं नि पलीकडे पाढा उतरावा! कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये झालेल्या कर्मिट या फाइल नेण्याच्या पद्धतीकडे यावर तोड होती. आठवा बिट असेल त्या अक्षरापुढे तो एक खूण लावायचा आणि सात बिटांच्या वाटेनंही ते अक्षर सुखरूप न्यायचा. हळू चालायचा, पण पोचायचा. लोक मात्र एवढ्या खटाटोपात पडले नाहीत. ‘कसा आहेस’ हे रोमनमध्ये लिहिण्याची जी सवय तेव्हा लागली, ती अजून आपल्या फोनमध्ये आहे.

इस्कीची आणखी एक गंमत बेळगावकरालाच कळेल. त्यात मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ यांचा आकडा एकच. सी-डॅक या सरकारी संस्थेचं, भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड बसवलेल्या संगणकावर कळ दाबली की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत दिसायचा. तारेतून जाणाऱ्या ‘क’च्या १७९ या आकड्याला तो कुठल्या बाजूचा हे ठाऊक नसे. बाहेर पाट्यांच्या लिपीवरून दगडफेक चाललेली असताना.

पुढे १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने मिळाले, सरकारी सेवेला १७२२३३ हा नंबर आला, फोन स्थानिक दरात लागू लागला. नेटची जोडणी विंडोज स्वतःच करू लागली आणि टर्मिनलचा प्रोग्रॅम मागं पडला. विंडोज ९५ सोबत येणारं हायपरटर्मिनल व्हिस्टापासून गायब झालं. दूरच्या यंत्रात शिरणारे आता एसएसएच वापरतात, तेही १९९५ चंच.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत मात्र जुनी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणारी, यंत्रं अजून आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या केबलीवरून आपला प्रोग्रॅम मागून घेतात. सात बिट, चूक पकडायला इव्हन पॅरिटी, कागदी फितीच्या काळातली रीत. सेटिंग करणारा पोरगा ‘रिसीव्ह’ लावून टर्मिनलवर ‘सेंड’ दाबतो आणि ओळी एकामागून एक उतरू लागतात. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरसाठी त्यानं मध्येच कंसात निरोप ठेवलेला असतो, ‘टूल बदल, सावकाश’. अर्थात रोमन लिपीत.