प्राध्यापकांनी एकट्याने सुधारू नये

शाळेत शिकवायचं तर डी.एड. किंवा बी.एड. लागतं. कॉलेजात नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. असली की झालं. बारावीपर्यंत शिकवणाऱ्याने शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायचं आणि एफ.वाय.च्या वर्गावर मात्र आपल्या जुन्या सरांना आठवत उभं राहायचं, असा हा अजब प्रकार आहे.

बरं, चांगल्या पद्धती ठाऊक नाहीत असंही नाही. २०१४ साली अमेरिकी संशोधक स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी, गणित शिकवण्याच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत होते. जिथे वर्गातच प्रश्न सोडवायला आणि आपसांत वाद घालायला लावलं जात होतं, तिथे सुमारे २२ टक्के.

तरीही प्राध्यापक अशी पद्धत सुरू करतात आणि सोडून देतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, नवी पद्धत वापरून पाहिलेल्या अमेरिकी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी जवळपास एक-तृतीयांश जणांनी ती पुढे बंद केलेली आढळली. का, याचा एक धागा हार्वर्डच्या २०१९ च्या प्रयोगात सापडतो. स्वतः डोकं चालवावं लागलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण त्यांना वाटत होतं की आपण कमी शिकलो. घडाघडा बोलणाऱ्या सरांचं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं; स्वतः अडखळलं की तो भ्रम जातो. मग मुलं कुरकुरतात, फीडबॅकचे फॉर्म वाईट येतात आणि स्टाफरूममध्ये एकटा बसलेला माणूस पुन्हा खडू-फळ्याकडे वळतो.

इथेच मिळून शिकवणं सुधारणाऱ्या प्राध्यापकांचा गट कामाला येतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठात (फ्लोरिडातल्या मायामी शहराशी याचा संबंध नाही) १९७९ पासून असे गट चालतात. तिथल्याच मिल्टन कॉक्स यांनी ही कल्पना वाढवून इतर विद्यापीठांत नेली. साधारण ८ ते १२ प्राध्यापक वर्षभर दर काही आठवड्यांनी भेटतात आणि प्रत्येक जण आपल्या एखाद्या कोर्समध्ये बदल करून त्याचं काय झालं ते गटापुढे मांडतो. माणसं वेगवेगळ्या विभागांतली असतात, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. आपल्याच विभागप्रमुखासमोर ‘माझा तास फसला’ असं कोण म्हणेल? शिवाय रसायनशास्त्राच्या बाईंना इतिहासाचा माणूस ‘हे मला समजलं नाही’ असं बिनदिक्कत सांगू शकतो, आणि नवख्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी तीच असते.

आपल्याकडचा प्राध्यापकांसाठीचा रिफ्रेशर कोर्स याहून फार वेगळा: काही दिवस तज्ज्ञांची व्याख्यानं, मग प्रमाणपत्र, जे पदोन्नतीच्या फायलीत जातं. व्याख्यान कसं टाळावं यावरही व्याख्यानच होतं!

एक शंका मात्र उरते. या गटांच्या यशाचा बराचसा पुरावा म्हणजे सभासदांनी स्वतःच दिलेली कबुली: आमचं शिकवणं सुधारलं. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज चुकत असेल, तर प्राध्यापकांचा बरोबरच असेल हे कशावरून? तेव्हा गटात चहाबरोबर उत्तरपत्रिकाही असाव्यात, बदलाआधीच्या आणि नंतरच्या.