दहा श्वास मोजले की एक मणी

लहान बाळाला न्यूमोनिया झालाय की साधा सर्दी-खोकला, हे कळायला स्टेथोस्कोप पाहिजे, एक्स-रे पाहिजे, निदान एक डॉक्टर तरी पाहिजे असं आपण धरूनच चालतो. पण खूप वेळा एक मिनिट शांत बसून बाळाचे श्वास मोजले तरी भागतं. फुप्फुसाच्या बारीक बारीक पिशव्यांमधे हवा असायला हवी, तिथे इन्फेक्शनमुळे पाणी आणि पू साठला की फुप्फुस ताठ होतं, मग खोल श्वास ओढायला फार जोर लागतो आणि तेवढा जोर बाळात नसतो, म्हणून ते छोटे छोटे श्वास भराभर घ्यायला लागतं. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीमधे डॉ. फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचे श्वास नीट मोजून बघितले, आणि अशाच कामांवरून जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे ठरले : दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं असेल तर ५०, एक ते पाच वर्षांचं असेल तर ४०. आकडा एवढा किंवा याच्या वर गेला की औषध सुरू करायचं.

ऐकायला सोपं वाटतं पण मोजायला बसलं की कळतं. बाळ रडत असेल, दूध पीत असेल तर आकडा चुकतो, त्यामुळे आधी ते शांत व्हायची वाट बघायची, झबलं वर करायचं आणि पोटाकडे नजर लावून बसायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं असला शॉर्टकट इथे अजिबात चालत नाही, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत नसतोच, मधेच काही सेकंद थांबतो आणि मग एकदम भरभर चालतो. पूर्ण मिनिटच मोजायचं, आणि इतक्या लहान बाळाचा आकडा ६० किंवा जास्त आला तर परत एकदा मोजून खात्री करायची. सोबत छातीचा खालचा भाग बघायचा, श्वास घेताना तो बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला जात असेल तर आजार जास्त आहे.

आता हे काम गडचिरोलीतल्या दाईंना शिकवायचं ठरलं तेव्हा अडचण अशी आली की त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना बारापर्यंतच मोजता यायचं, ६० कुठून मोजणार? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने त्यासाठी एक साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी लहान बाळांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. मला हे साधन फार मोठं वाटतं, कारण बाईला लिहितावाचता येत नाही म्हणून तिला बाजूला ठेवलं नाही, तिला जे येतं त्यात निदान बसवलं. १९९० मधे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निकाल आले. जिथे उपचार गावातच मिळत होते तिथे पाच वर्षांखालच्या हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१, आणि बाकीच्या भागात १७.५.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता, नवजात बाळांचा. जी नवजात बाळं दगावतात त्यातली बरीचशी पहिल्याच आठवड्यात जातात आणि जंतुसंसर्ग झाला तर एवढंसं बाळ तापेलच असं नाही, उलट गार पडू शकतं. मग ओळखायचं कसं? रडणं क्षीण झालंय का, आधी चांगलं ओढत होतं ते आता दूध ओढत नाही का, हातपाय लुळे पडलेत का, बेंबीतून पू येतोय का, अशा काही खुणा ठरवल्या आणि त्यातल्या दोन एकाच वेळी दिसल्या की सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, समजायचं. गावातल्याच निवडलेल्या बायका, त्यांना आरोग्यदूत म्हणतात, त्या घरी जाऊन तोंडाने औषध द्यायच्या आणि जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा. त्यावर टीकाही झाली, पण ३९ गावांमधल्या या प्रयोगाचा निकाल १९९९ मधे छापून आला तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के कमी होता.

आज देशभर आशा ताई हेच घरभेटीचं काम करतात. योजना २००५ ची, आणि नवजात बाळाच्या भेटी २०११ पासून. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीपण. वजन, तापमान, बेंबी, दूध ओढणं, सगळं बघायचं, आणि बाळ कमी वजनाचं असेल तर आईच्या छातीशी उघडं धरायला शिकवायचं, कारण वजनाच्या मानाने बाळाची कातडी खूप असते, अंगातली ऊब भराभर निघून जाते.

पण गावात एक बाई नेमली की झालं, असं नाही. तिच्या पिशवीतलं औषध संपलं तर मोजलेल्या श्वासांचा काय उपयोग? अवघड केस पुढे पाठवायला गाडी आणि रस्ता लागतो, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, तेव्हा तिथल्या बाळाजवळ फक्त तीच असते. एवढं काम जिच्यावर टाकलंय तिला सरकारी कागदावर अजून स्वयंसेविका म्हणतात आणि बरेच पैसे कामामागे मिळतात, नवजात बाळाच्या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. मला हे पटत नाही, तिला ठरलेला पगार मिळायला हवा, आणि औषधाची पिशवी दर महिन्याला भरून.